साताऱ्याच्या मंगलताईंचा पत्ता

ग्रंथपाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं शांत, मायाळू, पुस्तकांत रमलेलं माणूस उभं राहतं. मी तशी नव्हते. मी संशयी होते आणि अजूनही आहे. दुधाची पिशवी तारीख वाचल्याशिवाय मी फोडत नाही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेवर छापलेला कार्यालयाचा पत्ता बरोबर आहे का, हे मी स्वतः जाऊन बघून आले होते. ती अजून चारचौघांत हे सांगते. नोकरीची पहिली वर्षं इंदापुरात गेली आणि पुढची सगळी बारामतीच्या एका सार्वजनिक वाचनालयात. दोन्हीकडं या स्वभावावरून मी टोमणे खाल्ले. पण शेवटच्या काही वर्षांत कामच असं वाट्याला आलं, की संशय घेणं हीच माझी मुख्य नोकरी झाली.

ते काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या घरच्यांनासुद्धा ते नीट कळलेलं नाही.

वाचनालयात येणारा माणूस पूर्वी पुस्तक मागायचा. मोबाइल हाती आल्यावर तो प्रश्न घेऊन यायला लागला. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यात, काय करू. परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला म्हणतात, खरं का. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यात नेमकं काय करतात. पुस्तकात याचं उत्तर सापडलं तरी जुनं सापडायचं, आणि 'इंटरनेटवर बघा' म्हणणं म्हणजे नवख्या माणसाला भर बाजारात सोडून देणं. म्हणून आम्ही दारालगतच्या भिंतीवर एक फळा लावला. त्यावर विषयवार छोटे काळे-पांढरे चौकोन चिकटवले. मोबाइल समोर धरला की आम्ही निवडलेलं संकेतस्थळ उघडायचं. हवामान, पीकसल्ला, परीक्षा, आरोग्य, सरकारी योजना. वर मथळा होता, 'वाचनालयाने पाहून घेतलेले'. हा मथळा मीच दिला होता आणि पुढं त्याचं ओझंही मीच वाहिलं.

पुस्तक निवडणं त्या मानानं सोपं असतं. पान उलटलं की प्रकाशक, पत्ता, साल, सगळं समोर. काही चुकीचं छापलं असेल तर कुणाला पत्र लिहायचं ते कळतं. आणि एकदा कपाटात ठेवलेलं पुस्तक आपल्या माघारी बदलत नाही. इंटरनेटवरचं पान बदलतं. पीकसल्ल्याचं एक चांगलं संकेतस्थळ मी फळ्यावर लावलं होतं. चालवणाऱ्यानं ते सोडून दिलं आणि त्याच नावाखाली दुसऱ्याच कुणीतरी पत्त्यांच्या जुगाराचं दुकान थाटलं. एका वाचकानं मला ते हसत हसत दाखवलं. मला हसू आलं नाही. तेव्हापासून फळ्यावरचा प्रत्येक चौकोन मी अधूनमधून स्वतः उघडून बघायचे, घरात गॅस बंद आहे का बघावं तसा.

नवं संकेतस्थळ समोर आलं की मी त्याला पहिल्यांदा नावगाव विचारायचे. चालवतं कोण, राहतं कुठं, चूक झाली तर धरायचं कुणाला. मग विचारायचे, तुझं पोट कशावर चालतं. ज्या पानाच्या तळाशी काहीतरी विकायला ठेवलेलं असतं, त्याचा वरचा सल्लाही दुकानदाराचाच असतो. मग त्या पानावरून बाहेर पडायचं आणि इतरांना त्याच्याबद्दल विचारायचं. स्थळ आलं की आपण मुलाची माहिती मुलालाच विचारत नाही, त्याच्या गल्लीत जाऊन विचारतो, तसंच. आणि शेवटी मी त्याचं मराठी ऐकायचे. 'तुमचे मूत्रपिंड तुमचे आभार मानतील' असं वाक्य आलं की मी तिथंच थांबायचे. आपल्याकडं कुणाचं मूत्रपिंड आभार मानत नाही. हे वाक्य यंत्रानं कुठूनतरी उचलून मराठीत टाकलेलं असतं, आणि ज्याला आपलं लिहिलेलं एकदा वाचून बघायची गरज वाटत नाही, त्यानं त्यातली औषधाची मात्रा तरी वाचली असेल का, असा माझा सरळ हिशेब.

सांगवीची एक मुलगी भरतीचा अर्ज भरायला आली होती. तिनं उघडलेल्या पानावर राजमुद्रा होती, झेंडा होता आणि कोपऱ्यात एक घड्याळ उलटं पळत होतं, लवकर भरा म्हणून. मी तिला थांबवलं. सरकारला इतक्या घाईत मी कधी पाहिलेलं नाही. ती माझ्यावर फार चिडली. खरं पान शोधून तिच्याकडून अर्ज भरून घेतला, तरी तिचा राग गेला नाही. माझ्यामुळं आपली संधी हुकली असंच तिला वाटत राहिलं. या कामात लोक आभार मानत नाहीत. जे घडलंच नाही त्याचे आभार कोण मानणार.

हे सगळं सांगितलं ते लासुर्ण्याच्या तात्यांसाठी.

तात्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर आली की तिचं वजन करायचं, लिहायचं आणि पुढं सोडायची. ऐकायला सोपं, पण सगळ्या कारखान्याची नियत त्या काट्यावर कळते, असं ते म्हणायचे. मोळ्यांच्या खाली ओला चिखल, मध्ये दगड, वजनाच्या वेळी मुद्दाम केबिनमध्ये बसून राहिलेला ड्रायव्हर, हे सगळं त्यांनी पकडलेलं. मुलाच्या नोकरीमुळं ते काही वर्षं बारामतीत राहिले, तेव्हा आमच्या कार्यकारिणीवर आले. मुलगा पुढं पुण्याला गेला, तात्या सुनेला आणि नातवंडांना घेऊन गावी परतले, पण दर आठवड्याला एसटीनं यायचे, पुस्तक बदलायचे आणि माझ्या टेबलासमोर बसून जगातल्या लबाड्यांवर बोलायचे. आमचं जमायचं ते यामुळंच. वाचनालयात मला समजून घेणारा तोच एक माणूस होता.

एका दुपारी ते नेहमीपेक्षा खुशीत आले. मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाले की हे आपल्या फळ्यावर लावा, लोकांचं भलं होईल. मी पाहिलं. शुगर मुळापासून घालवणारं एक चूर्ण होतं. हिरव्या पानांचं चित्र, पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर, आणि खाली बरे झालेल्या माणसांचे हसरे चेहरे. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सुई सोडा, जीवन जोडा.

तात्यांना बऱ्याच वर्षांपासून शुगर होती आणि ते रोज इन्सुलिन टोचून घ्यायचे, हे मला ठाऊक होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्ही हे घेताय का. आधी लावा, मग बोलू, एवढंच तात्या म्हणाले. जो माणूस प्रश्नाला कधी चुकवत नाही तो चुकवतो तेव्हा मला पानापेक्षा माणसाची काळजी वाटते. मी म्हटलं, पाहून घेते आणि सांगते.

"पाहून काय घ्यायचं त्यात? तुमी वाचनालय चालवताय का पोलीस ठाणं?"

ते हसत म्हणाले, पण पुस्तक न बदलताच गेले.

मी पाहून घेतलं. पत्ता नव्हता, फक्त नाव आणि नंबर टाकायची चौकट होती. त्या डॉक्टरांचं नाव वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या कुठल्याही नोंदणीत मला सापडलं नाही. पानावरची तारीख मी ज्या दिवशी उघडावं त्या दिवसाची असायची. चूर्णाची स्तुती करणारी इतर पानं शोधली तर त्या सगळ्यांत तीच वाक्यं, स्वल्पविरामासकट. आणि हो, तिथंही मूत्रपिंड आभार मानत होतं.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी नको म्हणाले. आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते समजूतदार गृहस्थ. कुणाचं मन मोडू नये असं त्यांना वाटतं. ते म्हणाले की लावा की, वाचणारा काय ते ठरवंल. आपल्या कपाटातली पुस्तकं तरी सगळी खरी आहेत का? प्रश्न वाजवी होता. मी माझ्या परीनं उत्तर दिलं. कपाटातलं पुस्तक लेखकाच्या नावावर उभं असतं. फळ्यावरचा चौकोन आपल्या नावावर उभा असतो. उद्या कुणाचं काही झालं तर तो म्हणेल, वाचनालयानं सांगितलं होतं. आबांनी पुढचा विषय घेतला. तात्या उठले आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. त्यानंतर त्यांचं येणं थांबलं.

काही आठवड्यांनी त्यांची सून वैशाली पुस्तकं परत करायला आली. पुस्तकं टेबलावर ठेवून ती तशीच उभी राहिली. मी बस म्हटलं तेव्हा बसली आणि खालच्या आवाजात बोलू लागली. तात्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. चूर्ण पार्सलनं येत होतं. पायाला चप्पल लागून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती, पण डॉक्टरचं नाव काढलं की ते जेवणावरून उठत. पुण्याहून मुलानं फोनवर सांगून पाहिलं, त्याचंही ऐकलं नाही.

"सुया टाकून दे म्हणाले. मी टाकल्या न्हाईत. फ्रिजमधी कोथिंबिरीच्या डब्यामागं ठेवल्यात," ती म्हणाली. "तुमी बोला मॅडम. ते तुमचं ऐकतील."

मी तिला आठवण करून दिली की ते माझ्यावर रागावले आहेत.

"म्हणूनच तर. ज्याला ते मोजत न्हाईत त्याच्यावर रागावत बी न्हाईत."

ती गेल्यावर मी बराच वेळ हात बांधून बसले. आमच्या पेशाला एक कुंपण आहे. वाचकाला चांगली माहिती कुठं आहे ते दाखवायचं; त्यानं काय खावं, कुठलं औषध घ्यावं, हे आपण सांगायचं नाही. हे कुंपण मला कधी जाचलं नव्हतं. उलट त्याच्या आडोशाला मी सुखानं काम केलं होतं. पण एखादं पान फळ्यावर लावायला नकार दिला म्हणून ते माणसाच्या खिशातून जात नाही. तो ते एसटीत वाचतो, जेवताना वाचतो, पहाटे उठून वाचतो. माझ्या नकारानं फळा स्वच्छ राहिला होता आणि तात्यांचा पाय सडत होता.

मी ते पान पुन्हा उघडलं. या वेळी मजकूर सोडून दिला आणि चेहरे बघू लागले. पहिले एक टोपीवाले आजोबा, मग शर्टाच्या खिशाला पेन लावलेला मास्तरासारखा माणूस, आणि तिसऱ्या एक बाई. जांभळ्या काठाची साडी, हातात उघडं पुस्तक, तोंडभर हसू. खाली लिहिलं होतं, 'सौ. मंगल, सातारा. सहा महिन्यांत माझी सुई कायमची सुटली.'

हे हसू माझ्या ओळखीचं होतं. त्या साताऱ्याच्या मंगल नव्हत्या. त्या वडगाव निंबाळकरच्या शालनकाकू होत्या.

शालनकाकूंकडं म्हशी आहेत, दूध संघाला दूध घालतात. आमची पुस्तकांची फिरती पेटी वडगावला जायची तेव्हा त्या सगळ्यांत आधी हजर. एकदा गावातल्या बायकांना आम्ही वाचनालयात बोलावलं होतं, प्रत्येकीनं आवडलेलं पान मोठ्यानं वाचून दाखवायचं म्हणून. काकू वाचता वाचता स्वतःच हसायला लागल्या, तेव्हाचा हा फोटो. आम्ही तो वाचनालयाच्या पानावर मोठ्या कौतुकानं लावला होता.

मी त्यांना फोन केला आणि जे दिसलं ते सांगितलं. पलीकडं म्हशींच्या गळ्यातल्या साखळ्या वाजत होत्या.

"मला तर शुगर न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् साताऱ्याला मी यात्रेला सुद्धा गेले न्हाय. आमच्या ह्यांना कळलं तर म्हणतील, तिकडं दुसरं घर केलंस का काय."

मग मी त्यांना तात्यांचं सांगितलं. त्यांचा आवाज बदलला. कुठं राहतात ते, एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याच्या जीपमधून त्या बारामतीला आल्या. अंगावर तीच जांभळ्या काठाची साडी होती. मी बघतच राहिले, तर म्हणाल्या, वळखू यायला नको का. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि मला राहून राहून वाटत होतं की आपण आपलं काम सोडून भलतंच काहीतरी करायला निघालो आहोत.

तात्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. पायाला फडकं गुंडाळलेलं, चेहरा उतरलेला. मला बघून त्यांनी मान फिरवली. मग काकूंकडं नजर गेली आणि तिथंच थांबली. या कोण, असं त्यांनी वैशालीला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काकूच म्हणाल्या, "मी साताऱ्याची मंगल."

तात्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. आनंद होता तो. ते खुर्चीतून अर्धे उठले. या बाईंना त्यांनी रोज पाहिलं होतं, त्यांचा शब्द धरून ते चालले होते, आणि त्या आता दारात उभ्या होत्या.

"या, या. किती दिवसांत सुटली वो तुमची सुई?"

"सुटायला आधी टोचावी लागती, तात्या," काकू ओट्याच्या कडेला बसत म्हणाल्या. "मला शुगरच न्हाय. कधी नव्हती. मी वडगावची शालन. ह्या मॅडमच्या वाचनालयात पुस्तक वाचत हुते, तितला फोटो हाय त्यो. कुणी उचलला, मला ठावं न्हाय."

तात्या हळूहळू पुन्हा खुर्चीत टेकले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. तपास होता.

"मॅडम, ही बाई तुमी आणली. सारख्या तोंडवळ्याचं कुणीबी आणता येतं. साडी तशी आणता येती. काट्यावर असलं लई बघितलंय मी."

खरं सांगते, मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी तात्या मला ओळखू आले. मी म्हटलं, तपासा.

त्यांनी वैशालीकडून चष्मा मागवला. मोबाइलवर तो फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि तोंड सोडून पुस्तक धरलेल्या हाताकडं बघू लागले. तिथं मनगटाच्या वर कातडीवर एक लांबट, चकाकणारा डाग होता. मी तो आजवर पाहिला नव्हता. तात्या म्हणाले, हात दाखवा. काकूंनी बांगड्या मागं सरकवून हात पुढं केला. डाग तिथंच होता, तसाच. लहानपणी गुऱ्हाळावर गरम काकवी सांडली होती, त्या म्हणाल्या.

तात्या एकदा हाताकडं बघत, एकदा मोबाइलकडं. शेवटी त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"बाकीची माणसंबी असलीच का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही. मला फक्त एकीचं माहीत आहे.

"एका गाडीत दगड घावला की आमी त्या तोडणीच्या टोळीच्या सगळ्या गाड्या उपसायचो," ते म्हणाले, आणि मग वैशालीकडं न बघताच तिला विचारलं, "त्या सुया टाकल्यास का ठेवल्यास?"

वैशालीनं ठेवल्यात म्हणून सांगितलं. ते तिला रागावले नाहीत. मी एवढंच म्हणाले की आता मात्रा स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या, आणि तो पाय आजच दाखवा. त्याच जीपनं आम्ही त्यांना बारामतीला नेलं.

पायाचं एक बोट काढावं लागलं. अजून थोडे दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर वैशालीला म्हणाले. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तात्या खिडकीकडं तोंड करून पडले होते. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनीच विषय काढला. म्हणाले, तुम्हाला वाटत असेल, एवढा काट्यावरचा माणूस, फसला कसा.

"रोज पोटात सुई टोचून बघा मॅडम, मग कळंल. काट्यावरची गाडी दुसऱ्याची असायची, म्हणून मला संशय यायचा. ही गाडी माझीच हुती."

त्या वाक्यापुढं माझे सगळे नियम थिटे पडले. पान कुणी लिहिलं, कधी लिहिलं, का लिहिलं, हे मी वाचकांना शिकवत आले होते. वाचणाऱ्याला ते खरं असायला किती हवं आहे, हे कुठल्याही फळ्यावर लिहिता येत नाही.

पण संशय मला स्वस्थ बसू देईना. मी तो फोटो आणि आमच्या पानावरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. आमच्या पानावर फोटो कडेनं कापून लावला होता, त्यात काकू एकट्याच दिसत. चूर्णवाल्यांच्या फोटोत मात्र डाव्या बाजूला आमच्या लोखंडी कपाटाची कड दिसत होती. म्हणजे तो आमच्या पानावरून उचललेला नव्हता. तो मूळ, न कापलेला फोटो होता. आणि तो दोनच ठिकाणी होता, वाचनालयाच्या संगणकात आणि ज्यानं आमचं पान तयार करून दिलं त्या संकेतकडं.

संकेत म्हणजे स्टँडमागं दुकान असलेला एक गोड बोलणारा तरुण. आमचं काम त्यानं अगदी अल्प मोबदल्यात केलं होतं. मी त्याच्या दुकानात गेले आणि दोन्ही फोटो त्याच्यापुढं ठेवले. तो घाबरला नाही, हे मला जास्त लागलं. त्यानं चहा मागवला आणि सगळं सांगितलं. पुण्यातल्या कुणासाठी तो अधूनमधून पानं बनवून द्यायचा. त्यांना साधे, गावाकडचे, हसरे चेहरे हवे होते. त्यानं दिले. कशासाठी हवेत ते विचारलं नाही.

"मॅडम, फोटोच तर आहे," तो म्हणाला.

त्याला खरंच माहीत नव्हतं का, हे मी आजही सांगू शकत नाही. तो फोटो तिथून काढायला लाव, एवढंच मी म्हटलं. मग त्यानं माझ्यासमोर कुणालातरी फोन लावला आणि तो फोटो काढून टाकायला सांगितलं. वाचनालयाचं काम आम्ही त्याच्याकडून काढून घेतलं. शालनकाकूंनी आणि मी पोलिसांत तक्रार दिली. ती घेतली गेली. पुढं काय झालं ते कुणी कळवलं नाही. आमच्या पानावरून वाचकांचे सगळे चेहरे मी उतरवले. तेव्हापासून कार्यक्रमाचे फोटो पाठमोरे काढायचे असा नियम झाला. आबा म्हणायचे, आपल्या वाचकांना तोंडं नाहीत असं वाटतं. खरंच तसं वाटायचं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. ती बायकांची सभा फार छान झाली होती.

तात्या बरे झाले. काठी घेऊन एसटीतून पुन्हा यायला लागले, आणि फळ्यावरचा प्रत्येक चौकोन उघडून माझी उलटतपासणी घ्यायला लागले. हवामानाचं पान रोज कोण लिहितं, त्याला पगार कोण देतं, असं विचारायचे. एक-दोन ठिकाणी माझ्याकडं समाधानकारक उत्तर नव्हतं. ते चौकोन मी काढले.

तो फोटो मात्र संकेतच्या फोननंतर खरोखर गेला. काही दिवसांनी मी खात्री करायला पान उघडलं. टोपीवाले आजोबा तिथंच होते, मास्तर तिथंच होता. तिसऱ्या जागी मजकूर तोच होता, सहा महिन्यांत सुई कायमची सुटली. नावही तेच, सौ. मंगल, सातारा. बाई दुसरी होती.

आता मी निवृत्त आहे. फळा नव्या ग्रंथपाल बाई सांभाळतात, चांगला सांभाळतात. मला कुणी काही विचारत नाही. पण अधूनमधून मी ते पान उघडून बघते, मंगलताई कोण आहेत ते बघायला. परवा हा लेख लिहायला घेतला तेव्हाही उघडलं. आता तिसरी बाई आहे. हिरवी साडी, कपाळावर मोठं कुंकू, मागं कुठल्यातरी शाळेची भिंत आणि तिच्यावर रंगवलेली बाराखडीतली काही अक्षरं. ती पण हसते आहे. मी फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसले. शाळेचं नाव कुठं दिसतं का ते शोधलं, दिसलं नाही. मग तो शालनकाकूंना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"शोधा की मॅडम," त्या म्हणाल्या. "तिलाबी कुणीतरी सांगायला पायजे."